फायबरच्या पोटातलं लाकूड

"हातोडी घे आणि वाजवून बघ," मामेभाऊ म्हणाला. दाभोळ खाडीच्या काठावर, माडांखाली, दोन ओंडक्यांवर त्याची होडी चढवून ठेवली होती. एकोणीस फुटी, फायबरची, मागे मोटार लटकवायची. डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेता येईल म्हणून त्यानं ती सेकंडहँड घेतली होती. मागच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे मोटार बसते तिथं, मी प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत गेलो. वरच्या कोपऱ्यात आवाज कोरडा आणि भरीव आला, टक्‌ टक्‌. मोटारीच्या बोल्टांखाली आल्यावर तोच आवाज बसला, ओल्या उशीवर थापट्या माराव्यात तसा. बाहेरचा पांढरा रंग शाबूत होता, एक तडा नव्हता. मग भावानं मोटारीच्या खालच्या टोकाला धरून जोर दिला, तर मोटारीबरोबर अख्खी भिंत हलली.

फायबरच्या होडीत लाकूड असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. रे ग्रीन यांनी अमेरिकेतल्या टोलेडो गावी १९४२ साली काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची (रेझिन म्हणजे पातळ ओतायचं, मग दगडासारखं घट्ट होणारं प्लास्टिक) होडी घडवली, तेव्हापासून या साहित्याची कीर्ती एकच: न कुजणारं. ते खरंही आहे. काच कुजत नाही, रेझिन कुजत नाही. पण काचतंतूंचा पातळ पत्रा ताणाला जितका चिवट, तितकाच वाकायला मऊ. त्याला ताठ ठेवायचं तर आत काहीतरी भरावं लागतं, आणि पुढची निदान चाळीस वर्षं ते 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा प्लायवुड होतं. मागच्या भिंतीत (हिला ट्रान्सम म्हणतात) प्लायच्या दोन जाड फळ्या चिकटवलेल्या, तळात नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत धावणाऱ्या लाकडी तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, आणि त्यांच्यावर प्लायचीच जमीन. सगळं काचेत गुंडाळून बंद केलेलं.

लाकडाचं इथलं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. दोनशे पानी वही हातात धरून वाकवा, सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं डिंकानं एकमेकांना घट्ट चिकटवून वाळवली तर फळी होते. ट्रान्सममध्ये आतबाहेर काचेचे दोन थर असतात आणि मधलं लाकूड त्यांना सरकू देत नाही. समजा थर पाच-पाच मिलिमीटरचे आहेत. ते दोन्ही एकत्र करून दहा मिलिमीटरची एकच काच केली, तर तिला जेवढा ताठपणा येईल त्याच्या पन्नास पटींहून जास्त ताठपणा त्याच दोन थरांमध्ये ३८ मिलिमीटरचं लाकूड घातल्यावर येतो. काच तेवढीच, फक्त दोन थरांमधलं अंतर वाढलं. मात्र मधलं लाकूड कुजून भुसा झालं की थर पुन्हा वहीच्या पानांसारखे सुटे होतात आणि हा सगळा ताठपणा नाहीसा होतो. त्या भिंतीवर दीडशे किलोच्या पुढची मोटार लटकलेली असते आणि प्रत्येक लाटेबरोबर ती भिंतीला मागे ओढत असते. रंग शाबूत दिसतो म्हणून अशी होडी पर्यटक भरून खाडीबाहेर काढणं हा जिवाशी खेळ आहे.

लाकूड कुजलं कसं? समुद्राच्या पाण्यानं, असं काठावरचा प्रत्येक माणूस सांगेल. मला मात्र ठामपणे वाटतं की होडी कुजवतो तो पाऊस.

लाकूड पाण्यात विरघळत नसतं. त्याला बुरशी खाते, आणि तिला ओल, हवा आणि ऊब तिन्ही एकाच वेळी लागतात. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पेशींच्या भिंती पाण्यानं तृप्त होतात, आणि तिथून पुढे तिला रान मोकळं. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडात हवाच नसते, म्हणून तिथंही तिची डाळ शिजत नाही. शिवाय जमिनीवरच्या या बुरशींना मीठ मानवत नाही. अमेरिकेतले जुने जहाजबांधे लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवत, ते याचसाठी.

आता कोकणातल्या होडीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, पर्यटकांच्या होड्याही ओढून काठावर घेतलेल्या. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो गोडा पाऊस होडीत साठतो. वर निळी ताडपत्री घट्ट बांधलेली, आत ऊब आणि दमट हवा. पाणी काचेतून आरपार शिरत नाही, त्याची वाट स्क्रूच्या भोकांतून असते. पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे बोल्ट, मासे शोधायच्या यंत्राचे दोन बारके स्क्रू, कुणीतरी ड्रिल मारून नुसतेच पिळलेले. प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला उघडं लाकूड असतं, आणि प्लायची कड पाणी शोषते ती दिव्याच्या वातीसारखी. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. जी काच लाकडाला पाण्यापासून वाचवायची, तीच त्याला वाळू देत नाही.

पुढचं रसायन मला फार विलक्षण वाटतं. लाकडाची ताकद सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत असते. लाकूड तपकिरी पाडणाऱ्या बुरशींची विकरं, म्हणजे लाकूड पचवणारी एन्झाइम, आकारानं इतकी मोठी असतात की पेशीच्या भिंतीतल्या छिद्रांतून ती आत जाऊच शकत नाहीत. मग त्या आधी छोटे रेणू आत पाठवतात. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भेटले की हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेली हीच ती अभिक्रिया. हे रेणू साखळ्या जागोजाग तोडतात. म्हणूनच लाकडाचं वजन जेमतेम दहा टक्के घटलेलं असतं, तोवर तडाखे सोसण्याची त्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असते. दिसायला लाकूड, हातात घेतलं तर चुरा. आणि बुरशीनं १ किलो सेल्युलोज पूर्ण पचवलं की त्यातून अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. बंद पेटीत ती आपली ओल आपणच पिकवते.

१८१० हे साल या बाबतीत लक्षात ठेवावं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये डेप्टफर्डला 'क्वीन शार्लट' ही मोठी युद्धनौका पाण्यात उतरली आणि समुद्रावर कामाला निघण्याआधीच तिची लाकडं कुजलेली सापडली. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'मिंडेन' उतरली, सागवानाची. ती १८६१ मध्ये मोडीत विकली जाईपर्यंत कामात होती. १८१७ ची मुंबईचीच 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. प्लायच्या पांढऱ्या पापुद्र्यांत असलं काही नसतं.

"मग आत सागवानच घालू," असं आमचे मिस्त्रीही म्हणाले, आणि त्यांचा हात आयुष्यभर सागावर फिरलेला. पण इथं साग उलटा पडतो. त्याच्या त्या तेलकट द्रव्यांमुळेच रेझिन त्याला नीट धरत नाही, आणि या कामात सगळी मदार चिकटण्यावर आहे. शिवाय अखंड फळी ओल घेऊन आडवी फुगते आणि काचेचा जोड उकलते. प्लायमध्ये पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे असल्यानं ते एकमेकांना धरून ठेवतात. आम्ही आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय आणलं. ते उकळत्या पाण्याच्या ७२ तासांच्या परीक्षेला उतरावं लागतं. एवढं मात्र ध्यानात असू द्या, ती मुख्यतः गोंदाची परीक्षा आहे. सरस सुटणार नाही याची ती ग्वाही देते, लाकूड अमर करत नाही.

कापण्याआधी आतल्या बाजूनं ड्रिल मारून भुसा काढला होता. काळपट, आंबूस वासाचा. ताज्या भुशाचं वजन ४२ ग्रॅम भरलं, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवल्यावर २५ ग्रॅम. म्हणजे ओल ६८ टक्के. त्या आकड्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

होडी कापण्याआधी तिला सगळीकडून टेकू देणं ही या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट. आतलं लाकूड निघालं की कवच लवचिक होतं. दोनच ओंडक्यांवर ठेवून कापलं तर तळ खाली लोंबतो, नवं लाकूड त्याच लोंबलेल्या आकारात घट्ट होतं आणि होडी जन्मभर नाक खुपसून किंवा उड्या मारत चालते. आम्ही सहा ठिकाणी गादीचे तुकडे घालून टेकू दिले, दोरी ताणून लेव्हल बघितली आणि मग कटर लावला. आतला थर कडेनं दोन बोटं पट्टी राखून कापला, बाहेरच्या थराला हात लावला नाही.

थर निघाल्यावर आधी पाणी आलं, चहाच्या रंगाचं, तांब्याभर तरी. त्यामागे लाकूड. वरचा पट्टा अजून पिवळट आणि कडक. खाली येताना ते गडद होत गेलेलं, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी वड्या पडलेल्या, जळून विझलेल्या ओंडक्यासारखं. बुचाच्या भोकाभोवती तर वडीही उरली नव्हती. चहाचा चोथा, हातानं ओरपावा असा. मिस्त्रींनी मूठभर उचललं, बोटांनी चोळलं आणि काही न बोलता भावाच्या हातावर ठेवलं.

अशा लाकडात भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं, जास्त चिकट रेझिन) सोडलं की ते पुन्हा कडक होतं, असा सल्ला खूप मिळतो. ओल्या लाकडात पाण्यानं जागा अडवलेली असते, रेझिन आत जात नाही. चार कडक गाठी आणि त्यांच्यामध्ये तोच चोथा, एवढंच हाती लागतं. कुजलेलं सगळं काढायचं, आणि त्यापुढचं वीतभर चांगलं दिसणारंही, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसण्याच्या पुढे पोचलेले असतात.

चिकटवायला पॉलिएस्टर की इपॉक्सी? होडी घडते तेव्हा पॉलिएस्टरचे थर ओल्यावर ओले चढतात आणि रसायनानं एकजीव होतात. तीस वर्षं जुना थर मात्र पूर्ण पिकलेला असतो. त्याच्याशी नव्या रेझिनचं नातं फक्त चिकटण्याचं उरतं, आणि चिकटण्यात इपॉक्सी कितीतरी सरस आहे. महाग आहे, पण इथं पैसे वाचवू नयेत. जुनी काच घासून उतार करावा लागतो, जाडीच्या साधारण बारा पट लांब. सहा मिलिमीटरच्या थराला ७२ मिलिमीटर. भार एका रेघेवर न येता त्या पट्टीभर पसरतो. स्ट्रिंगरच्या बुडाशीही काटकोन ठेवायचा नाही, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं बोट फिरवल्यासारखी गोलाई द्यायची, कारण काचतंतू तीक्ष्ण कोपऱ्यात बसत नाहीत आणि मागे हवेचा बुडबुडा राहतो. आमच्याकडे एप्रिलचं ऊन होतं. डब्यात ढवळलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं दहा मिनिटांत धुरावलं. तेव्हापासून ढवळलं की लगेच परातीत पसरायचं, आणि काम सकाळी सातला सुरू.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायला घालायची दोन रसायनं, कधीही थेट एकत्र ओतू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा लावायचाच. काच घासताना तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करणारी पोरं किनाऱ्यावर सर्रास दिसतात. ती बारीक धूळ रुमालातून सरळ छातीत जाते. फिल्टरचा मास्क घ्या आणि त्यांनाही घेऊन द्या.

नव्या प्लायच्या सगळ्या कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले, दोन फळ्या एकमेकींना आणि मग बाहेरच्या थराला चिकटवून शिकंज्यांनी आवळल्या. आवळायचं ते कडेनं इपॉक्सी पाझरेपर्यंतच. जास्त पिळलं तर सगळं बाहेर येतं आणि जोड कोरडा पडतो. त्यावर काचेचे थर. याला दोन दिवस लागले, भोकांना तिसरा अख्खा दिवस गेला, आणि माझ्या मते होडी वाचली ती त्या तिसऱ्या दिवशी. दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी सोळाचं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, वाळू द्यायचं आणि त्याच्या मधोमध दहाचं भोक पाडायचं. बोल्टभोवती तीन मिलिमीटरचं इपॉक्सीचं कडं राहतं. वरचं सील पुढेमागे फुटलं तरी आलेलं पाणी इपॉक्सीला भेटतं, लाकडाला नाही. बारक्या स्क्रूंनाही हेच. भावाला यंत्राचे ते दोन स्क्रू तसेच मारायचे होते, "दोनच तर आहेत" म्हणून. मिस्त्रींनी त्याला चोथ्याची पाटी दाखवली.

मेच्या अखेरीस होडी पुन्हा काठावर आली. या वेळी नाळ हातभर उंच, ताडपत्री मध्ये बांबू घालून तंबूसारखी, दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी. बूच काढून सुतळीनं मोटारीच्या किल्लीला बांधलं, म्हणजे ते बसवल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही. पहिल्या मोठ्या सरीनंतर मी बघायला गेलो, तर ताडपत्रीखाली वाऱ्यानं आत आलेलं पाणी मागच्या भोकातून बोटभर धारेनं वाळूत पडत होतं.