सेंट लुशिया: आधी उत्तर की दक्षिण ते ठरवा, मग हॉटेल

लग्नसराई आली की मला एक ठरलेला मेसेज येतो. "ताई, हनिमूनला सेंट लुशिया फायनल केलंय, हे रिसॉर्ट कसं वाटतं?" सोबत फोटो: समुद्रातून सरळ वर गेलेले दोन टोकदार डोंगर, पायथ्याशी निळंशार पाणी. लिंक उघडून पाहावं तर रिसॉर्ट ग्रोझिलेत, या कॅरिबियन बेटाच्या पार उत्तर टोकाला. फोटोतले डोंगर, म्हणजे पिटॉन, आहेत दक्षिणेला सूफ्रिएरजवळ. अलिबागचं हॉटेल खपवायला सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो छापावा, तसा हा प्रकार. खोटं कोणी बोलत नाही, बेट एकच आहे. पण त्या खोलीतून पिटॉन दिसणार नाहीत, एवढंही कोणी सांगत नाही.

(लिहिताना लुशिया ठीक, तिथे बोलताना 'लूशा'. 'सांता लुसिया' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.)

उत्तरेबद्दल फार बोलत नाही. कॅन्कूनला किंवा पुंता कानाला जाऊन आला असाल तर रॉडनी बे ओळखीचाच वाटेल. लांब रेदुई बीच, शांत पाणी, बरीचशी हॉटेलं ऑल-इन्क्लुझिव्ह, दार उघडलं की जवळपास पायाखाली वाळू. संध्याकाळी बाहेर जेवायला जागा भरपूर, शुक्रवारी रात्री ग्रोझिलेच्या रस्त्यावर नाचगाणं आणि निखाऱ्यावरचे मासे. एसी गारेगार. छान आहे.

घोळ होतो तो दक्षिणेचा. लोकांना वाटतं, हेच सगळं तिकडेही असेल आणि वर पिटॉन फुकटात. तसं नसतं. दक्षिणेत तुम्ही समुद्राकाठी राहायला जात नाही, डोंगरावर राहायला जाता. समुद्र खाली असतो.

सूफ्रिएर हे नावच गंधकावरून पडलंय. गावाबाहेर आजही जमिनीतून वाफा निघतात, राखाडी पाणी खदखदतं. ग्रो पिटॉन 770 मीटर आणि पेटी पिटॉन 743, दोन्ही लाव्हा थिजून झालेले सुळके, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. अशा जमिनीला लांबलचक सपाट किनारा कुठून असणार? डोंगराचा उतार तसाच पाण्यात शिरतो आणि पाण्याखालीही उतरत जातो. म्हणून वाळूचे तुकडे छोटे आणि रंगाने काळपट. ही वाळू बघून "बीच घाण होता" असं लिहिणारे मी पाहिलेत. अहो, घाण नाही ती, ज्वालामुखीची वाळू आहे. दोन पिटॉनच्या मधोमध शुगर बीचला पांढरी वाळू दिसते, पण ती बाहेरून आणून पसरलेली. त्याच उताराची चांगली बाजू अशी की प्रवाळ अगदी काठाशी येतं. सूफ्रिएरजवळच्या आन्स शास्तने या किनाऱ्यावर बोट करावी लागत नाही. मास्क चढवून किनाऱ्यावरून पाण्यात शिरलात की समोर मासे.

मग 'पिटॉन व्ह्यू' हा शब्द. तीन निरनिराळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात. शुगर बीचला तुम्ही दोन सुळक्यांच्या मध्ये असता. मान वर करून बघावं लागतं आणि दोन्ही एका नजरेत मावत नाहीत. लडेरा हे हॉटेल सुमारे हजार फुटांवर. तिथून दोघांच्या मधल्या फटीतून खाली समुद्र दिसतो, पण स्वतःचा बीच नाही, पोहायला गाडीने खाली उतरायचं. तुमच्या डोक्यातला तो पोस्टरवाला जोडीचा देखावा दिसतो खाडीपलीकडून, आन्स शास्तने आणि त्याच्या वरच्या जेड माउंटन हॉटेलाकडून. जेड माउंटन आणि लडेरात खोलीला चौथी भिंतच नसते. जेड माउंटनला एसी नाही, टीव्ही नाही. फोटोत हे फार रोमँटिक दिसतं. प्रत्यक्षात रात्रभर बेडूक ओरडतात आणि पाऊस कुठे पडतोय ते अंथरुणातून कळतं. मला आवडतं. ज्याला पालीची भीती आहे त्याला आवडणार नाही.

पायऱ्यांचंही आधी विचारून घ्या. आम्ही एकदा उतारावरच्या एका हॉटेलात राहिलो (नाव घेत नाही), "बीच पाच मिनिटांवर" असं सांगितलेलं. होताच, उतरताना. चढताना नवऱ्याने पायऱ्या मोजल्या, 134. दुसऱ्या दिवसापासून एकदा खाली गेलो की विसरलेली वस्तू विसरलेलीच राहायची.

अंतर नकाशावर मोजू नका. बेटाची लांबी जेमतेम 43 किलोमीटर, पण अमेरिकेहून येणारं विमान उतरतं दक्षिण टोकाला, ह्युवानोराला, आणि तिथून रॉडनी बे चांगला दीड तास. सूफ्रिएर तासाभरात येतं. राजधानी कॅस्ट्रीजजवळ दुसरा विमानतळ आहे, तिथे बेटांमधली छोटी विमानं येतात; तिकिटावरचा कोड नीट बघा. "उत्तरेला राहू आणि एक दिवस पिटॉन बघून येऊ" म्हणत असाल तर जरूर जा, पण बोटीने. रस्ता म्हणजे वळणांमागून वळणं, आणि ज्याला आंबेनळी घाटात पिशवी लागते त्याला इथेही लागेल.

बाकी फरक किरकोळ. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, दोन्हीकडे सारखाच. मेन्यूवरचा आकडा कुठल्या डॉलरचा ते विचारा, एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईस्ट कॅरिबियन डॉलर असा बांधलेला भाव आहे. रोटीही मिळते, आत करी गुंडाळलेली. 1859 पासून इथे भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले गेले, त्यांच्याबरोबर ती आली. फुलका मनात धरून जाऊ नका.

माझं मत विचाराल तर दक्षिण. सात रात्री असतील तर आधी तीन उत्तरेला, लग्नाचा शीण वाळूवर पडून काढा, मग चार दक्षिणेला, म्हणजे परतीला विमानतळही जवळ. गुडघे कुरकुरत असतील किंवा दोघांपैकी एकाला एसीशिवाय झोप येत नसेल, तर सातही रात्री उत्तरेला राहा आणि पिटॉन बोटीतून बघा.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही तीन भिंतींच्या खोलीत राहिलो. सकाळी चहा ठेवून मी फोन आणायला आत गेले. बाहेर येते तो लाल गळ्याचा एक काळा पक्षी साखरेच्या भांड्यात चोच घालून बसलेला, मागे पेटी पिटॉनच्या टोकावर ढग. नवरा म्हणाला, "बघ, भिंत असती तर साखर वाचली असती."