नाशिकमध्ये घर बांधताना: बांधकाम परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

नकाशा पास व्हायला किती दिवस लागतील, हा नाशिकमध्ये प्लॉट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तर प्लॉटवर ठरतं. मंजूर ले-आउटमधला, नावावर चढलेला, मोजणी झालेला आणि नदीपासून लांबचा प्लॉट असेल तर काम सुरळीत होतं. उताऱ्यावर अजून जुन्या मालकाचं नाव असेल, किंवा समोरचा रस्ता कागदावर नऊ मीटर आणि जागेवर सहा असेल, तर आर्किटेक्ट कितीही हुशार असो, फाइल अडते. म्हणून खाली नकाशापेक्षा जमिनीबद्दल जास्त लिहिलं आहे. माहिती मुख्यतः स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरांकडे त्यांची माणसं असतात.

अर्ज कुणाकडे करायचा

महापालिका हद्दीत परवानगी देतो तो नाशिक महानगरपालिकेचा नगररचना विभाग. शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात तो बसतो. पण पत्त्यात 'नाशिक' आहे म्हणजे जागा महापालिकेचीच, असं समजू नका. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडांना एमआयडीसी परवानगी देते. देवळाली कॅम्पला छावणी मंडळ आहे, भगूरला स्वतःची नगरपरिषद आहे. हद्दीबाहेरच्या गिरणारे, विल्होळीसारख्या गावांसाठी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावं लागतं. नवीन नाशिकमध्ये, म्हणजे सगळे ज्याला सिडको म्हणतात तिथे, घरं आणि भूखंड मुळात भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तिथे हस्तांतराचे कागद आणि सिडकोची ना-हरकत यांची स्थिती आधी बघा, मगच आर्किटेक्टकडे जा.

नियम मात्र महापालिका हद्दीत आणि प्राधिकरणाच्या हद्दीत एकच आहेत. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता सगळ्या राज्याला एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. त्याआधीचे नियम पाठ असलेला शेजारी "आमच्या वेळी असं चालायचं" म्हणाला, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

प्लॉटवर काय बसतं, हे आधी पाहा

सर्वात आधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढायचा. दोन्ही नगररचना विभागातूनच मिळतात. गट किंवा सर्व्हे नंबर निवासी विभागात आहे का, त्यावर बागेचं, शाळेचं किंवा आणखी कशाचं आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता प्लॉटचा कोपरा कापतो का, हे त्यातून कळतं. तपोवनाच्या बाजूला साधुग्रामासाठीच्या, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वसाहतीसाठीच्या, आरक्षणाचा विषय दर सिंहस्थाच्या तोंडावर पेटतो. त्या भागात स्वस्त प्लॉट दाखवणाऱ्याला भाग नकाशा मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

दुसरी गोष्ट पूररेषा. नाशिककर गोदावरीचा पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. नगररचना विभाग तो दोन रेषांनी मोजतो. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर शहरात या रेषांकडे गांभीर्याने बघायला सुरुवात झाली. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवं घर बांधता येत नाही. तिथल्या जुन्या अधिकृत घरांच्या पुनर्बांधणीला तेवढी अटींवर वाट आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावं लागतं. ही अट नुसती गोदेपुरती नाही. नासर्डी आणि वालदेवीच्या काठीही नकाशा नीट पाहावा लागतो. उन्हाळ्यात नासर्डीचं पात्र बघून "हा तर नाला आहे" म्हणणारे बरेच भेटतात.

तिसरं, आजूबाजूला काय आहे. पांडवलेणी हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी घ्यावी लागते. देवळाली, गांधीनगर, नाशिकरोड या बाजूला लष्करी आस्थापना आणि धावपट्टी जवळ असल्याने अंतर किंवा उंचीची बंधनं लागू होऊ शकतात. ही ना-हरकत महापालिका मिळवून देत नाही, आपल्यालाच आणावी लागते. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

चौथं, रस्ता. चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, किती मिळणार हे प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या १.१० पट. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारं जादा क्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) सहसा वापरता येत नाही. जुनं नाशिक आणि पंचवटीच्या गावठाणात दाट वस्तीचे वेगळे नियम लागतात: समोरचं, बाजूचं अंतर कमी सोडावं लागतं, पण गल्ली अरुंद आणि हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांच्याशी लेखी समजूत आधी करा. मंजुरीनंतर भांडण उभं राहिलं की काम जोत्यावरच थांबतं.

अर्ज कोण करू शकतो

जमिनीचा मालक, किंवा ज्याच्याकडे नोंदणीकृत मुखत्यारपत्र आहे असा माणूस, किंवा बांधकामाचा हक्क देणारा भाडेपट्टा असलेला माणूस. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या किंवा संमती लागते. वडील गेले असतील तर वारसनोंद आधी. जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा इनामाची असेल तर महसूल खात्याची परवानगी घेतल्याशिवाय पुढे सरकू नका. कर्जासाठी जमीन बँकेकडे गहाण असेल तर बँकेची ना-हरकत जोडा.

अर्ज स्वतः भरून खिडकीत देता येत नाही. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत तो ऑनलाइन जातो, आणि इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा लागतो. नाशिकच्या अनेक भागांत वर काळी माती आहे आणि खाली कुठे मुरूम, कुठे खडक. त्यामुळे माती परीक्षणाचे पैसे वाचवू नयेत, असं माझं मत. "शेजाऱ्याचे फुटिंग (पायाचे ठोकळे) एवढेच आहेत" हा हिशेब तुमच्या प्लॉटला लागू होईलच असं नाही.

फाइलमध्ये काय लागतं

ताजा सातबारा उतारा किंवा नगर भूमापन असेल तिथे मालमत्ता पत्रक, खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा गोषवारा), फेरफार, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, मंजूर ले-आउटची प्रत, झोन दाखला आणि भाग नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती, आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअरची प्रमाणपत्रं, मालकाची ओळखपत्रं, हमीपत्र आणि अर्थातच नकाशे. यातला मोजणी नकाशा लोक शेवटी काढायला जातात. तो पहिल्यांदा काढा. क्षेत्र उताऱ्यावर एक, खरेदीखतात दुसरं आणि जागेवर तिसरं निघालं, तर हिशेबात सर्वात कमी असेल तेच धरलं जातं, आणि मग आखलेल्या खोल्या त्यात बसत नाहीत.

अकृषिक परवानगीबद्दल अजून गोंधळ आहे. विकास आराखड्यात निवासी विभागात आलेल्या जमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा एनएचा अर्ज करावा लागण्याचे दिवस महसूल संहितेतल्या ४२-अ ते ४२-ड या कलमांमुळे संपले आहेत. शासनाची देय रक्कम भरल्याचा पुरावा मात्र जपून ठेवा. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या गुंठेवारीतला प्लॉट असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. आधी २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित होतो का, ते पाहा. २०२१ च्या दुरुस्तीने ही सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली. नोटरी केलेल्या साठेखतावर नकाशा पास होत नाही.

प्लॉटवर झाड असेल तर ते नकाशात दाखवा. तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, बांधकाम परवानगीत ती धरलेली नसते.

लहान प्लॉटला सोपी वाट

नियमावलीतली ही सवलत अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या प्लॉटवर लहान निवासी घर बांधायचं असेल, तर छाननीची वाट बघावी लागत नाही. परवानाधारक तंत्रज्ञाने नियमात असल्याचं प्रमाणित केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क भरलं की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्राच्या आधारे दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

याचा अर्थ मार्जिन, म्हणजे हद्दीपासूनची मोकळी जागा, सोडलं नाही तरी चालेल असा नाही. सोय प्रक्रियेत आहे, नियमांत नाही. उलट प्रमाणपत्र देणाऱ्याची आणि मालकाची जबाबदारी इथे वाढते, कारण चूक दाखवणारा छाननी अधिकारी मध्ये नसतो.

शुल्क

छाननी शुल्क, जमिनीचं आणि बांधकामाचं विकास शुल्क, जादा किंवा अनुषंगिक चटई क्षेत्र घेतलं तर त्याचं अधिमूल्य, अनामत, आणि बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर. विकास शुल्क आणि अधिमूल्य रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दरावर निघतं, त्यामुळे तेवढ्याच घराला गंगापूर रोडला आणि आडगावला वेगवेगळा आकडा येतो. आर्किटेक्टकडून महापालिकेच्या शुल्काचा आणि त्याच्या फीचा हिशेब वेगवेगळा लिहून घ्या. "सगळं मिळून एवढे" ही रक्कम मान्य करू नका. महापालिकेच्या प्रत्येक रुपयाची पावती असते.

मंजुरीनंतर

त्रुटी निघाली तर ती लेखी कळवली जाते, पूर्तता करून फाइल परत जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. पण नकाशा नियमात पूर्ण बसत असेल तरच, आणि मुदत शेवटच्या पूर्ततेपासून मोजली जाते. तिच्या भरवशावर खोदकाम सुरू करण्याचा सल्ला मी देणार नाही. परवानगी नाकारली तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, बोलीभाषेत सीसी, एक वर्ष चालतं. त्या काळात काम जोत्यापर्यंत आलं नाही तर दर वर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत ते ताणता येतं. जोतं झालं की तपासणी करून घ्या. भिंती मंजूर रेषेवर आहेत की नाहीत हे इथे कळतं, आणि चूक दुरुस्त करायला हीच शेवटची स्वस्त वेळ. बांधताना जिना फिरवला, बाल्कनी वाढवली, तर सुधारित नकाशा टाका.

नाशिकमध्ये हे सांगावं लागतं ते कपाटांमुळे. भिंतीतल्या कपाटांसाठी मिळालेली सवलत खोल्या मोठ्या करायला वापरली गेली, हिशेब चटई क्षेत्राबाहेर गेला आणि असंख्य इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकले. बांधणारे मोकळे झाले, हप्ते भरत राहिले ते फ्लॅट घेणारे.

काम संपल्यावर आर्किटेक्ट पूर्णत्वाचं प्रमाणपत्र देतो, त्यावर पाहणी होऊन भोगवटा दाखला मिळतो. तो नसेल तर घर कायद्याच्या नजरेत वापरायोग्य नाही. घरपट्टी लागते, पण शास्तीसह लागू शकते. पुढे विकताना किंवा कर्ज काढताना बँक पहिल्यांदा हाच कागद मागते.

झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला तर प्रथम अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी अर्जाचा क्रमांक आणि दिनांक असलेली पोच लागते, म्हणून ती आर्किटेक्टच्या संगणकावर न ठेवता स्वतःकडे छापून घ्या.