चाई की स्कारिंग अ‍ॅलोपेशिया? टक्कल सारखंच दिसतं, भानगड वेगळी असते

आपल्या नाशकात डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडला की त्याला एकच नाव, चाई. न्हावी म्हणतो चाई, शेजारच्या काकू म्हणतात चाई, मेडिकलवाला तर नीट न बघताच चाई म्हणतो आणि ट्यूब काढून देतो. मग लसूण घासा, कांद्याचा रस चोळा, कुणाच्या तरी ओळखीतलं तेल मागवा (आणि कांद्याला काय तोटा, लासलगाव घरचंच). बऱ्याचदा ती खरंच चाई असते, काही महिन्यांत केस आपोआप येतात आणि श्रेय कांद्याला जातं. पण कधीकधी तो चट्टा स्कारिंग अ‍ॅलोपेशियाचा निघतो, म्हणजे केसाचं मूळच मरून आतल्या आत व्रण तयार होतो, आणि तिथे कांदा चोळत बसलात तर तेवढे महिने आजाराला रान मोकळं.

आधी डोळ्यांनी काय बघायचं ते सांगतो, जीनबीन नंतर. चाईत केस गेले तरी त्वचेवरची बारीक छिद्रं शाबूत असतात, आणि कडेला आखूड केस दिसतात, बुडाशी बारीक आणि टोकाकडे जाड, डॉक्टर लोक त्यांना उद्गारचिन्ह केस म्हणतात. खाज-आग फारशी नसते. स्कारिंगमध्ये छिद्रंच बुजलेली, त्वचा चकचकीत, कडेच्या केसांच्या बुडाशी लाली आणि पांढरट खपलीचं कडं, कधी एकाच भोकातून पाच-सहा केसांचा झुबका. आग, खाज, टाळू हुळहुळणं हे बऱ्याच जणांना होतं, पण सगळ्यांनाच नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणजे काही नाही असं समजू नका. नुसत्या डोळ्यांनी घरी आरशात छिद्रं दिसत नाहीत, त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावतात तेव्हा कळतं.

आता हा फरक पडतो कशामुळे, तर हल्ला केसाच्या कुठल्या मजल्यावर होतो त्यामुळे. दोन्हीकडे हल्ला करणाऱ्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशी. चाईत त्या केसाच्या अगदी तळाच्या गड्ड्याभोवती जमतात, जिथे केस बनतो. स्कारिंगच्या लायकन प्लॅनोपिलॅरिससारख्या प्रकारात त्या वरच्या भागावर तुटून पडतात, तेलग्रंथीच्या जरा खाली, जिथे अंगावर काटा आणणारा बारीकसा स्नायू चिकटलेला असतो त्या फुगवट्यावर. १९९० मध्ये कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी उंदरांवर दाखवलं की केसाच्या स्टेम सेल तळाच्या गड्ड्यात नाही तर या फुगवट्यात असतात, तोवर बहुतेकांची समजूत उलटी होती. केस वाढतो, थांबतो, गळतो आणि पुन्हा उगवतो ते या पेशींच्या जिवावर. दिंडोरी-निफाडकडच्या माणसाला हे लगेच कळेल: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाची बाग भुंडी दिसते पण ओलांडा जिवंत असला की डोळे फुटतातच, ओलांडाच सुकला तर मग कितीही खत-पाणी करा. चाई म्हणजे छाटणी, स्कारिंग म्हणजे सुकलेला ओलांडा.

चाईवरचं संशोधन गेल्या पंधरा वर्षांत जोरात पुढे गेलं. कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्तियानो यांना स्वतःलाच चाईचा त्रास झाला होता, त्यांच्या टीमने २०१० मध्ये हजारावर रुग्णांचे जीन तपासले, आणि जीनमधल्या ज्या जागा चाईशी जोडलेल्या सापडल्या त्यातली एक म्हणजे यूएलबीपी नावाच्या जीनचा गट. हे जीन पेशीच्या अंगावर धोक्याची खूण लावतात आणि ती खूण बघून टी पेशी (हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) धावून येतात. २०१४ मध्ये त्याच टीमने दाखवलं की या टी पेशींचा निरोप जॅक नावाच्या एन्झाइममार्फत जातो, ते अडवलं तर उंदरांचे केस परत येतात, आणि जॅक अडवणारं रुक्सोलिटिनिब हे औषध दिलेल्या तीन रुग्णांचेही पाच महिन्यांत जवळजवळ पूर्ण आले. २०२२ मध्ये अमेरिकेत याच जातीचं बॅरिसिटिनिब गंभीर चाईसाठी मंजूर झालं, २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब, ते १२ वर्षांपुढच्या मुलांनाही चालतं. गोळी बंद केली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा जातात आणि रक्ताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात, तेव्हा एका छोट्या चट्ट्यासाठी कुणी ही गोळी देत नाही, तिथे स्टेरॉइडची इंजेक्शनं पुरतात.

आणि कांदाप्रेमींसाठी: २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईवर कांद्याचा रस खरंच लावून बघितला होता, सहा आठवड्यांत २३ पैकी २० जणांना केस आले. अभ्यास लहान, आणि वास मारणारा रस कोणाला लावलाय हे लपवणार कसं, त्यामुळे फार भाव देऊ नका. शिवाय तो अभ्यास चाईचा होता, स्कारिंगचा नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं हेच गळून पडतं.

स्कारिंग हा एक आजार नाहीच मुळी, पूर्ण खानदान आहे. लायकन प्लॅनोपिलॅरिसमध्ये २००९ साली क्लीव्हलँडच्या संशोधकांना दिसलं की तेलग्रंथीचं कामकाज बघणारा पीपीएआर गॅमा (पेशीतलं एक नियंत्रक प्रथिन) मंदावलेला असतो, आणि उंदराच्या केसातल्या स्टेम सेलमधून तोच काढून टाकला तर उंदरालाही तसंच व्रणाचं टक्कल पडतं. म्हणजे आधी तेलाचा कारखाना बिघडतो, मग सूज येते, असा तो विचार, म्हणून पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी काहींना देऊन बघितली गेली. दुसरा प्रकार टाळूच्या मध्यापासून बाहेर पसरतो, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या बायकांमध्ये. कित्येक वर्षं दोष त्यांच्या गरम कंगव्याला आणि घट्ट वेण्यांना दिला गेला, २०१९ मध्ये मात्र तपासलेल्या ५८ पैकी १४ जणींमध्ये पीएडीआय३ या जीनमध्ये बदल सापडला, हा जीन केसाचा दांडा घडवायच्या कामातला. वेण्या अगदी निर्दोष सुटल्या असं नाही, पण सगळं खापर बाईच्या हौसेवर फोडणं बंद व्हायला हवं होतं ते झालं.

तिसरा प्रकार आमच्या घरात आहे. पंचवटीतल्या मावशीचं कपाळ वर वर सरकत होतं, भुवयाही विरळ झालेल्या, पण तिचं पालुपद एकच, "वय झालं रे आता." डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला, जुन्या केसांची रेष जिथे होती तिथे फिकट गुळगुळीत पट्टा आणि त्यात दोन-तीन एकटे केस उभे. "काकू, ही चाई नाही आणि वयही नाही," म्हणाले. फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कोसार्ड यांनी पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये पहिल्यांदा नोंदवलेला. २०१९ मध्ये त्याचेही जीन शोधले गेले, सगळ्यात ठळक निघाला एचएलए-बी ०७:०२, म्हणजे पुन्हा रोगप्रतिकारशक्तीचाच भाग. मावशीला पट्ट्यावरचे केस परत येणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध आहे ते पुढचे वाचवायला.

शंका असेल तर बायोप्सी करतात, ४ मिलिमीटरचा गोल तुकडा, सुन्न करून काढतात, एखादा टाका पडतो. तुकडा चकचकीत मध्यभागातून नाही तर लाल कडेवरून घ्यायचा, कारण मध्यात लढाई संपलेली असते आणि रिपोर्ट नुसता "व्रण" म्हणून येतो, कशाचा ते कळत नाही.

हेअर ट्रान्सप्लांटचे बोर्ड तर कॉलेज रोडला बघाल तितके थोडे. स्कारिंग चालू असताना लावलेले केस आजार खाऊन टाकतो, शांत होऊन किमान एक-दोन वर्षं गेल्याशिवाय कुणी लावू नये, नंतरही ते टिकतीलच याची गॅरंटी नसते. "स्टेम सेलने मेलेलं मूळ जिवंत करतो" असं कुणी म्हणालं तर एवढं माहीत असू द्या की २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध देऊन जखम व्रणाशिवाय भरवली आणि तिथे केसांची मुळंही उगवली, पण उंदरांच्या पाठीवर, तेही ताज्या जखमेत.