पंचशील आणि आनापानसती

पंचशील म्हणजे पाच शीलं, आणि आनापानसती म्हणजे आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं. शांतपणे जगायचं तर बौद्ध परंपरेत ही दोन्ही जोडीनं लागतात. सोलापुरात बुधवार पेठेतल्या मिलिंद नगरसारख्या वस्त्यांत 'पाणातिपाता वेरमणी' (जीवहत्येपासून लांब राहणं) ही पाली ओळ लहान पोरांनाही तोंडपाठ असते.

जीवहत्या, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांच्यापासून लांब राहायचं, ही ती पाच शीलं. प्रत्येक ओळ 'सिक्खापदं समादियामि' वर संपते, म्हणजे हा शिकायचा नियम मी स्वतःहून घेतोय. वरून कोणी हुकूम सोडत नाही, मोडला तर परत घ्यायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील घेऊन धम्मदीक्षा घेतली आणि लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातही चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हे आहेच.

आता लोकं काय करतात, शीलं वंदनेपुरती ठेवतात आणि डायरेक्ट डोळे मिटून बसतात, मग म्हणतात मन लागत नाही. लागेल कसं? सात रस्ता चौकात चहा पीत उभं राहून फोनवर 'निघालो बे, पाच मिनिटात पोचतो' सांगितलेलं असतं, आणि रात्री श्वास बघायला बसलं की तेच आठवतं, उद्या त्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव सुरू. पालीत याच्या उलट अवस्थेला सरळ शब्द आहे, अविप्पटिसार, म्हणजे पस्तावा नसणं. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात क्रमच दिलाय: शीलातून अविप्पटिसार, त्यातून आनंद, मग प्रीती, शरीर-मन निवणं, सुख, आणि समाधी त्याच्याही नंतर.

 

पाचव्या शीलात दारूसोबत 'पमादट्ठाना' असा शब्द आहे, पमाद म्हणजे गाफीलपणा. सती, म्हणजे जागं राहणं, ही बरोबर त्याच्या उलटी, म्हणून हे शील ध्यानाच्या एकदम जवळचं.

श्वासाची रीत मज्झिम निकाय या अशाच दुसऱ्या संग्रहाच्या ११८ व्या सुत्तात (उपदेशात) आहे. श्वास लांब असेल तर लांब आहे हे कळू द्यायचं, आखूड असेल तर आखूड. ओढूनताणून लांब करायचा नाही. विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवातही शीलं घेऊन होते, मग तीनेक दिवस नाकपुड्यांजवळचा श्वासच बघायचा.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटीत हे कसं जमायचं, असं नवीन माणूस हमखास विचारतो. पण आवाज ही तितकी मोठी अडचण नाही, माग बंद झाला की कान शांत होतात, डोकं चालूच राहतं. खरी परीक्षा एप्रिलातली, लाईट गेलेली, फॅन बंद, घाम मानेवरून खाली चाललाय आणि डास नेमका हातावर बसलाय. दुसरा हात आपोआप वर जातो, आणि तो वर जाताना दिसला तर पहिलं शील आणि सती एकाच वेळी सापडतात. डासाला नुसतं फुंकर मारून उठवलं तरी चालतं.