द सीज ऑफ कृष्णपूर

ब्रिटिश कादंबरीकार जे. जी. फॅरेल (१९३५–१९७९) यांची १८५७च्या उठावावरील इंग्रजी कादंबरी. १९७३ साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. ब्रिटिश साम्राज्याच्या पडझडीवर फॅरेल यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली ही प्रकाशनक्रमाने दुसरी. पहिली ‘ट्रबल्स’ (१९७०) १९१९–२१च्या आयर्लंडमध्ये घडते, तर तिसरी ‘द सिंगापूर ग्रिप’ (१९७८) १९४२ साली जपानी फौजांनी सिंगापूर घेतले त्या काळात. मेजर आर्चर हे पात्र पहिल्या आणि तिसऱ्या कादंबरीत येते. ‘कृष्णपूर’चे कथानक मात्र पूर्णपणे स्वतंत्र आहे, त्यामुळे ती आधी वाचली तरी काही अडत नाही.

कृष्णपूर हे गाव काल्पनिक आहे. त्याचा साचा लखनौच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या निवासी आवाराचा. तिथला वेढा १८५७च्या जूनअखेरीस पडला. रेसिडेन्सीत स्त्रिया, मुले आणि इंग्रजांच्या बाजूने राहिलेले हिंदी शिपाई धरून सुमारे तीन हजार माणसे होती. चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स पहिल्याच आठवड्यात तोफगोळ्याने जखमी होऊन वारले. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रम हे ब्रिटिश सेनापती आत पोहोचले, पण तेही अडकून पडले; खरी सुटका नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेल यांनी केली. फॅरेल यांनी वेढ्यातल्या लोकांच्या रोजनिशा, पत्रे आणि आठवणी वाचून त्यांतले बारीकसारीक तपशील उचलले आणि आकार मात्र आटोपशीर ठेवला. त्यांच्या कृष्णपुरात लॉरेन्स यांच्यासारखा वीरपुरुष नाही, आहे तो एक हौशी कलेक्टर. कलेक्टरला सरकारी कागदपत्रांच्या पेटीत चार चपात्या सापडतात, हा प्रसंगही हवेतून आलेला नाही. १८५७च्या सुरुवातीला गावोगाव फिरणाऱ्या अशा चपात्या मथुरेचे मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल यांच्या टेबलावरही येऊन पडल्या होत्या.

कादंबरीचा कणा म्हणजे वस्तू. कलेक्टर हॉपकिन्स १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाने भारावलेला आहे. तिथून आणलेली यंत्रे, संगमरवरी शिल्पे आणि विजेच्या मुलाम्याने घडवलेले कवींचे पुतळे त्याने रेसिडेन्सीत मांडून ठेवले आहेत. सुधारणा म्हणजे काय, तर हेच सारे, अशी त्याची श्रद्धा. वेढा जसजसा लांबतो तसतशी ही दौलत एकेक करून युद्धाच्या कामी लागते. पावसाने मातीचे तट विरघळू लागतात, तेव्हा कलेक्टर टेबले, कपाटे, पुस्तके, पुतळे, हाताला लागेल ते तटात रचायला लावतो. दारूगोळा संपत येतो तेव्हा तोफेत चांदीचे काटे-चमचे भरले जातात. शेवटी पुतळ्यांची डोकी तोडून तीही डागतात. शेक्सपियरचे डोके सरळ जाऊन शिपायांची रांगच्या रांग आडवी करते, कारण त्याला टक्कल आहे. कीट्सचे कुरळे केसवाले डोके हवेत भरकटते. विनोद क्रूर आहे, पण त्यामागचे गणित चोख आहे: संस्कृतीचा उपयोग काय, हा प्रश्न फॅरेल तोफेच्या नळीतून विचारतात.

दुसरा मोठा धागा कॉलऱ्याचा. डॉ. डन्स्टेपल दूषित हवेला दोष देतो आणि त्या काळची रूढ औषधे चालू ठेवतो. डॉ. मॅकनॅब मात्र लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचा दाखला देऊन पाण्याकडे बोट दाखवतो आणि रोग्याच्या शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढायला बघतो. आज कोण बरोबर हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, पण १८५७ साली ते ठरलेले नव्हते. स्नो यांनी कॉलरा पसरवणाऱ्या, लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वेढ्यातली मंडळी पुरावा तपासत नाहीत. ज्याचे बोलणे ठासून, त्याच्याकडे झुकतात. डन्स्टेपल खिशात चिठ्ठी बाळगतो की आपण आजारी पडलो तर मॅकनॅबने हात लावू नये. भर सभेत आपले म्हणणे सिद्ध करायला तो रोग्याच्या पोटातून गेलेले, पेजेसारखे पाणी पिऊन टाकतो. पुढे काय होते हे सांगायला नकोच. रोग्यांचे हाल मात्र दोन्ही उपचारांच्या ओढाताणीत होतात, आणि हा भाग साऱ्या पुस्तकात सर्वांत कसून लिहिलेला आहे.

बाकी वेढ्याचे रोजचे जिणे: शिधा घटत जातो, मेलेल्यांनी लपवून ठेवलेल्या खाण्याच्या जिनसांचा लिलाव होतो, कपड्यांच्या चिंध्या होतात. आसपासचे लोक टेकडीवर खाऊ घेऊन जत्रेसारखे जमतात आणि साहेबांची फजिती बघतात. सुटकेला आलेल्या जनरलला ही मंडळी इंग्रज वाटतच नाहीत; आपल्या पराक्रमाचे चित्र काढायचे तर यांना कुठे बसवावे, याचीच त्याला पंचाईत पडते.

भारतीय वाचकाला एक उणीव चटकन जाणवते. उठाव करणाऱ्यांपैकी कोणालाच नाव नाही, चेहरा नाही. शिपाई म्हणजे लांबून येणाऱ्या गोळ्या. जवळून दिसणारा भारतीय एकच, महाराजांचा मुलगा हरी, आणि तोही विलायती विज्ञानाच्या नादी लागलेला. फॅरेल इंग्रजांची डोकी आतून उलगडत होते आणि ती चौकट त्यांनी जाणून स्वीकारली, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. तरीही उठावाची कारणे समजून घ्यायला हे पुस्तक उपयोगाचे नाही. तटाच्या आत अडकलेल्या हिंदी माणसाचा अनुभव हवा असेल तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (१९०७) जोडीला घ्यावा; १८५८च्या वेढ्यात ते झाशीत होते. तिथेही भूक, तहान आणि तोफगोळे आहेत, फक्त बंदुका उलट्या दिशेने रोखलेल्या आहेत.

सुरुवातीची प्रकरणे संथ आहेत: कलकत्त्यातले नाच, लग्नाच्या खटपटी, फ्लरी नावाच्या तरुणाची काव्यात्मक बडबड. कंटाळून ती गाळली तर पुढचा विनोद निसटतो, कारण वेढ्यात उद्ध्वस्त होणारी प्रत्येक समजूत आणि बरीचशी भांडीकुंडी तिथेच ओळखीची झालेली असतात.

१९७९ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर खडकावरून मासे पकडताना फॅरेल समुद्रात वाहून गेले. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. मॅकनॅबला पुन्हा घेऊन ते सिमल्यात घडणारी कादंबरी लिहीत होते. ती अपुरीच ‘द हिल स्टेशन’ या नावाने १९८१ साली, त्यांच्या भारतभेटीच्या रोजनिशीसह, छापली गेली. २००८ साली बुकरच्या चाळीस वर्षांतील सर्वोत्तम कादंबरी निवडताना अंतिम सहा पुस्तकांत ‘कृष्णपूर’ होती. पारितोषिकाचे नियम बदलल्यामुळे १९७० सालची जी पुस्तके विचारातच घेतली गेली नव्हती त्यांच्यासाठी २०१० साली वेगळे बुकर दिले गेले, ते ‘ट्रबल्स’ला मिळाले.