दाट धुके आणि रस्तेवाहतूक (उत्तर भारत)

डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानावर रात्री उतरणारे आणि कधीकधी दिवसेंदिवस न हटणारे धुके. तिकडचे ट्रकवाले त्याला ‘कोहरा’ म्हणतात, पंजाबात ‘धुंद’. हवामान खात्याच्या हिशेबाने २०० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की धुके दाट, ५० मीटरपलीकडचे दिसेना की अतिदाट.

आंबोली किंवा माळशेजला पावसाळ्यात दिसते ते धुके म्हणजे डोंगराला टेकलेला ढग. वाऱ्याबरोबर येतो, जातो. उत्तरेतले धुके जागच्या जागी तयार होते. पश्चिमी विक्षोभाचा (भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेचा) पाऊस पडून गेलेला, गव्हाला पाणी दिलेले, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिला लागून असलेल्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात. धुराचे आणि धुळीचे कण त्याला हातभार लावतात. एरवी दहा-अकराच्या उन्हाने हे विरते. थर जाड असला तर मात्र ऊन खाली पोचत नाही, जमीन तापत नाही आणि धुके मुक्काम ठोकते.

ताशी ८० किमी वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीस-चाळीस. दिसतात पन्नासच! तरीही एकसारखे दाट धुके त्यातल्या त्यात बरे, कारण सगळेच हळू चालवतात. घात होतो तो तुकड्या-तुकड्यांच्या धुक्यात. कालवा किंवा ओली शेते आली की मोकळ्या रस्त्यावर अचानक भिंत उभी राहते, पुढचा ब्रेक दाबतो, मागच्याला ते कळत नाही. ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किमीच्या यमुना द्रुतगती महामार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये धूरमिश्रित धुक्यात अशाच एकामागून एक गाड्या आदळल्या. तिथे हिवाळ्यात मोटारींची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात.

अप्पर (लांब झोत) लावला तर उजेड थेंबांवरून परतून डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर (खाली पडणारा झोत) आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प. काच आतूनही धुरकटते; मग क्लीनर खिडकीबाहेर डोके काढून कडेची पांढरी पट्टी सांगत राहतो. सर्वांत वाईट म्हणजे टेल लॅम्प किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आणि रस्त्यातच बंद पडलेला ट्रक. शहाणे लोक ढाब्यावर गाडी लावतात. नाशिकहून निघालेली द्राक्षे तिथेच अडकून पडतात.

पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास करते आहे. त्याचा पहिला फायदा अर्थातच विमानांना. ट्रकवाला अजून समोरून आलेल्यालाच विचारतो, ‘आगे कितना है?’