दगडातला गेरू कुणी धुतला?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या 'व्हॅली ऑफ फायर'चा एक फोटो गेल्या काही दिवसांत माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गटांतून आला. लाटेसारखा वळलेला दगड, त्यावर लाल, केशरी, गुलाबी, पांढरे पट्टे, आणि खाली एक ओळ: 'ज्वालामुखीच्या आगीत भाजून निघालेली दरी'. दरीच्या नावातच आग असल्यामुळे हे वाक्य कुणालाही पटतं. पण तो दगड लाव्हाचा नाही आणि भाजलेलाही नाही. ती वाळू आहे. तिच्या रंगांची खरी गोष्ट आगीची नसून पाण्याची आहे, आणि माझ्या मते ती ज्वालामुखीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

जागा लास वेगासपासून ईशान्येला साधारण ८० किलोमीटरवर. १९३५ पासून राज्य उद्यान, नेवाडातलं सर्वांत जुनं. 'फायर वेव्ह' नावाची पायवाट जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आत संपते. 'व्हाइट डोम्स'ची गोल वाट तर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही, आणि तिच्यात मध्येच एक अरुंद घळ लागते, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशी. चढ किरकोळ. लहान मुलं आणि आजी-आजोबा आरामात चालतात. खबरदारी फक्त उन्हाची: उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो, कधी ४९ पर्यंत, त्यामुळे त्या काळात यातल्या काही वाटा बंदच ठेवतात. हिवाळ्यात जावं, पाणी जास्त न्यावं. वाटेबद्दल एवढं पुरे. आता पायाखालच्या दगडाकडे बघू.

या दगडाचं नाव ॲझ्टेक वालुकाश्म. ज्युरासिक काळात, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या युटा, ॲरिझोना आणि नेवाडाच्या मोठ्या भागावर वाळूच्या टेकड्यांचं एक अफाट वाळवंट होतं. वारा वाळू ढकलत टेकडीच्या माथ्यावर नेतो आणि पलीकडच्या उतारावरून ती घसरते. कोरडी वाळू साधारण ३२ ते ३४ अंशांपेक्षा जास्त तीव्र उतारावर टिकत नाही, म्हणून हे घसरलेले थर त्याच्याच आसपासच्या कोनात एकावर एक बसत जातात. पुढची टेकडी आली की आधीच्या टेकडीचा माथा कापला जातो आणि नवे थर वेगळ्या दिशेने तिरके बसतात. 'फायर वेव्ह'वरच्या त्या वळणदार रेघा म्हणजे हेच तिरके थर. त्या काळी वारा कुठून कुठे वाहत होता, हे त्या रेघांच्या उतारावरून आजही सांगता येतं.

वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, आणि क्वार्ट्झ रंगहीन असतं. मग लाल रंग कुठून आला? भिंतीचा तुटून पडलेला एखादा कण भिंगाखाली पाहिला की उत्तर दिसतं: कण आतून स्वच्छ आहे, रंग फक्त बाहेरच्या पातळ लेपात आहे. वाळूत क्वार्ट्झबरोबर काळी, लोहयुक्त खनिजंही थोडी होती. ती हळूहळू कुजली, त्यांच्यातलं लोह सुटलं, गंजलं आणि शेजारच्या कणांवर बसलं. या लेपाचं खनिज म्हणजे हेमॅटाइट, आपला गेरू. गंमत म्हणजे एवढ्या लालभडक दगडात लोहाचं प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतं. प्रत्येक कणाला अंगरखा चढवायला एवढं पुरतं.

इथवर सगळं सरळ आहे. एकेकाळी हा सगळा दगड बहुधा सारखाच लाल होता. पण मग पांढरा, पिवळा, गुलाबी कुठून आला? मला पहिल्यांदा वाटलं होतं की पांढरा म्हणजे मूळचा, आणि लाल म्हणजे नंतर चढलेला रंग. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलट आहे. पांढरा दगड म्हणजे गेरू धुऊन गेलेला दगड.

पण गेरू पाण्याने धुतला जात नाही. कोट्यवधी वर्षं पाऊस पडला तरी लाल दगड लालच राहतो. कारण लोहाच्या अणूच्या दोन अवस्था आहेत. तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गेरूतलं लोह या अवस्थेत असतं. दोनच इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह मात्र सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. दोघांमधला फरक एका इलेक्ट्रॉनचा. म्हणजे लाल दगड पांढरा करायचा असेल तर गेरूतल्या प्रत्येक लोह अणूला एक इलेक्ट्रॉन परत द्यायला हवा. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. उलट दिशेची क्रिया म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि ती अनेकांनी पाहिलेली असते: लोहयुक्त खोल बोअरचं पाणी बादलीत पडतं तेव्हा नितळ असतं, आणि रात्रभरात तांबूस होऊन तळाला गाळ बसतो. जमिनीखाली हवा नव्हती म्हणून लोह विरघळलेलं होतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि बादलीत गंज तयार झाला.

आता या दोन क्रिया दरीच्या भिंतीत बसवून पाहा. ज्युरासिकच्या पुढच्या, म्हणजे क्रेटेशियस काळात पश्चिमेकडून प्रचंड दाब आला आणि जुन्या सागरी चुनखडीची जाडजूड चळत सरकत येऊन या तुलनेने तरुण वालुकाश्मावर बसली. उद्यानाच्या दक्षिणेकडे दिसणारे करडे मडी पर्वत म्हणजे तीच चळत. तरुण दगड खाली आणि म्हातारा वर, असा उलटा प्रकार तिथे उघड्यावर बघायला मिळतो. या दाबाने खोलवरच्या थरांतली द्रवं पिळून वर निघाली. त्यांत तेल-वायूचे अंश, सेंद्रिय आम्लं किंवा हायड्रोजन सल्फाइड यांसारखे, इलेक्ट्रॉन देऊ शकणारे पदार्थ असावेत. वालुकाश्म सच्छिद्र, त्यामुळे ही द्रवं कणाकणांमधल्या पोकळ्यांतून झिरपली. जिथे पोहोचली तिथला गेरू विरघळला. जिथे पोहोचली नाहीत तिथे दगड लाल राहिला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली या दरीचे रंग नकाशावर नेमके उतरवून हा क्रम मांडला. त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी, मायोसीन काळात, जमीन ताणली जाऊन नवे भ्रंश, म्हणजे दगड सरकवणाऱ्या मोठ्या भेगा, निर्माण झाल्या आणि त्यांच्यातून पुन्हा पाणी खेळलं, अशी दुसरी फेरीही त्यांना आढळली.

विरघळलेलं लोह गेलं कुठे? काही दूर वाहून गेलं. काही वाटेतच अडलं: खालून आलेलं लोहयुक्त पाणी वरून मुरलेल्या, ऑक्सिजन असलेल्या पावसाच्या पाण्याला भेटलं की बादलीतलीच क्रिया झाली आणि लोह पुन्हा बसलं. कधी हेमॅटाइट म्हणून लाल, कधी गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाच्या रूपात पिवळं. या बसण्यालाही एक लय असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राफाएल लीझेगांग यांनी १८९६ साली जिलेटिनच्या थरावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ठेवला. जिलेटिनमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट होतं. तयार होणारा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, सगळीकडे सारखा न पसरता एकात एक वर्तुळांत बसला. एका कड्यात साका बसला की आजूबाजूचा पदार्थ त्यात ओढला जातो, लगतचा पट्टा रिकामा पडतो, आणि पुरेशी दाटी पुन्हा व्हायला थोडं पुढे जावं लागतं. वालुकाश्मात दिसणारी समांतर, नाजूक रंगवलयं अशाच रीतीने तयार होतात. म्हणून चालताना एक गोष्ट तपासा. रंगाची रेघ थराच्या रेघेबरोबर जाते की तिला आडवी कापते? आडवी कापत असेल तर तो रंग वाऱ्याने वाळूबरोबर आणलेला नाही, नंतर पाण्याने आणलेला आहे.

माझी सगळ्यात आवडती खूण मात्र वेगळी आहे. दगडाच्या पृष्ठभागावर बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक, फिकट, उभारलेल्या शिरा दिसतात. दाबाखाली या पट्ट्यांतले वाळूचे कण चिरडून एकमेकांत घट्ट बसले. म्हणून त्या आजूबाजूच्या दगडापेक्षा कठीण झाल्या आणि कमी झिजल्या. त्यांच्यातल्या पोकळ्याच बुजल्यामुळे द्रवांसाठी त्या बांधासारख्या ठरल्या. काही शिरांच्या एका बाजूला दगड लाल आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसतो, मधे अंतर दोन-तीन सेंटिमीटरचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाणी इथवर आलं आणि इथे अडलं, हे असं बोट ठेवून दाखवता येतं. मी त्या शिरेपाशी बराच वेळ थांबलो होतो.

रंगाबद्दल आणखी थोडं, हा भाग जरा अवघड आहे. लाल आणि पिवळा या दोन्हींत तीच अवस्था असलेलं लोह आहे, तरी रंग वेगळे का? हेमॅटाइटमध्ये लोहाचे अणू एकमेकांच्या इतके जवळ असतात की शेजारच्या दोन अणूंचे इलेक्ट्रॉन चुंबकीय दृष्ट्या जोडले जातात, आणि प्रकाशाचा एकच फोटॉन दोघांना एकदम वरच्या पातळीवर नेऊ शकतो. या जोडउडीला लागणारी ऊर्जा ५३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात असते. निळा तर आधीच गिळलेला असतो. हिरवाही गेल्यावर लाल उरतो. गोएथाइटच्या रचनेत हायड्रोजन आहे, लोहाची मांडणी वेगळी आहे, तिथे ही उडी निळ्याकडे सरकते, हिरवा बराचसा वाचतो आणि लाल-हिरवा मिळून डोळ्याला पिवळा दिसतो. कणांचा आकारही रंग बदलतो. हेमॅटाइट अगदी बारीक असेल तर तांबडं, जाडसर होत गेलं की जांभळट, आणि मोठ्या स्फटिकांत चक्क करडं. मंगळावरची धूळ तांबूस दिसते आणि २००४ साली ऑपर्च्युनिटी गाडीला तिथल्या मेरिडियानी पठारावर सापडलेल्या हेमॅटाइटच्या गोळ्या करड्या होत्या, त्यामागे कणांच्या आकाराचाच मोठा भाग आहे. तशाच लोहाच्या गोळ्या युटामधल्या नावाहो वालुकाश्मात, म्हणजे या दगडाच्या सख्ख्या भावंडात, पाण्यानेच तयार झालेल्या आहेत. त्या आधीच माहीत असल्यामुळे मंगळावरच्या गोळ्या बघताना भूजलाचा विचार लगेच पुढे आला.

लाल दगडांच्या प्रदेशात आणखी एक दावा ऐकू येतो. ॲरिझोनातल्या सेडोना गावाभोवती 'ऊर्जेचे भोवरे' आहेत, लोहामुळे दगड चुंबकीय आहेत आणि ती ऊर्जा शरीराला बरं करते, असं सांगून तिथे सहली आणि उपचार विकले जातात. हेमॅटाइटचं चुंबकत्व मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या तुलनेत अत्यंत क्षीण असतं, आणि ते दगडात असतं किती, ते वर आलंच आहे. कुठल्याही उपकरणाने असा भोवरा मोजलेला नाही. तिथे बसून मन शांत होतं हे खरं. शांत, मोकळ्या जागी ते होतंच. पण आजारी माणसाला उपचार म्हणून दगड विकणं हा अपराध आहे, आणि मला त्याची चीड येते. फोटोंचे रंग वाढवून फिरवणारेही नुकसानच करतात. दुपारच्या उन्हात ही दरी फिकट दिसते, पहाटे आणि संध्याकाळी तिरप्या, तांबूस प्रकाशात खुलते. फोटो बघून भर दुपारी पोहोचलेला माणूस निराश होतो आणि समोरच्या शिरेकडे बघतच नाही.

'माउसेस टँक'ची छोटी वाटही जमल्यास करा. तिथल्या भिंतींवर काळपट चकाकी दिसते, ती मँगनीज, लोह आणि चिकणमातीची, मिलिमीटरहूनही पातळ पुटं. प्राचीन रहिवाशांनी ती टोचून काढली आणि खालचा फिकट दगड उघडा करून मेंढे, सर्पिलं, माणसं कोरली. हात लावू नका, बोटांवरचं तेल ते पूट खराब करतं. आणि पाऊस पडून गेल्यावर दगडावर चढूही नका. कणांना जोडणारा चिकटा मुळातच थोडा, भिजल्यावर दगड आणखी कमकुवत होतो आणि काठ तुटून येतात. वर्षाला पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर, पण तो कधीकधी एका तासात कोसळतो. 'व्हाइट डोम्स'ची ती अरुंद घळ अशाच लोंढ्यांनी कापली आहे.

घळीच्या तळाशी मऊ वाळू आहे. मूठभर उचलून पाहिली तर त्यात लाल, पिवळे, पांढरे कण एकत्र मिसळलेले दिसतात: शेजारशेजारच्या भिंतींतून सुटलेले, काही अंगरखा घातलेले, काही धुतलेले. कोरडी झाली की वाऱ्याबरोबर ती घळीच्या तोंडाशी सरकते आणि तिथल्या झुडपामागे तिचा एक छोटासा ढीग बसतो, चौतीस अंशांच्या आत.